चाकाला कान लावून

चाकाला कान लावायचं काम माझं होतं. लग्न होऊन ठाण्याकडं चेण्याला आले तेव्हा कोणी सांगितलं असतं, की बाई, तुला पदर खोचून मातीत उकिडवं बसून गाडीच्या चाकाला कान लावावा लागणार आहे, तर मी उलट पावली हिंगोलीची गाडी धरली असती. म्हणजे धरली नसतीच, एकटीनं गाडी धरायची हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती आणि आताही नाही, पण मनात तरी आलं असतं. नववीतून शाळा सुटलेली, एकोणिसाव्या वर्षी सम्यक झालेला, आणि मला सगळ्याची भीती. मागच्या डोंगरातल्या बिबट्याची भीती, घोडबंदर रोडवरच्या ट्रकांची भीती, बाळ झोपेत श्वास घ्यायचं विसरलं तर त्याची भीती. मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायचे, गरम हवा लागतेय का बघत. आत्या म्हणायची, "अगं झोपू दे की त्याला. तुझ्या बोटानंच जागं होतंय ते."

आत्या म्हणजे माझी सासू. सख्खी आत्या, माझ्या बापाची मोठी बहीण. आमच्यात मामाची पोरगी सून करतात, तशी मी आले. लहानपणी ती उन्हाळ्यात गावाला यायची, माझ्यासाठी झालरीचा फ्रॉक आणायची, आणि तिचा मोठा मुलगा संतोष आमच्या रेडिओची पाठ उघडून बसलेला असायचा. तोच पुढं नवरा झाला. सासूला आता काय हाक मारायची म्हणून मी दोन दिवस हाकच मारली नाही, तर तीच म्हणाली, "हाक आत्याची मार. भ्यायचं तेवढं सासूला भी." मी दोघींनाही भ्यायचे.

आमच्या दोन खोल्या शेडच्या मागच्या अंगाला होत्या, वर पत्रा. सकाळी पहिलं काय ऐकू यायचं तर माकडं. डोंगरावरून उतरून पत्र्यावर अशी धावायची की वाटावं कोणीतरी गोण्या टाकतंय. मग आत्याच्या भाकरीचा आवाज, ज्वारीची भाकरी ती परातीत थापायची, थप थप थप, आणि मध्येच थांबून बांगडी मागं सारायची. त्यानंतर शेडमध्ये ग्राइंडर सुरू व्हायचा आणि मग दिवसभर दुसरं काही ऐकू यायचं नाही. तिथं ट्रेलर बनायचे, गाडीमागं जोडून ओढायचे. शूटिंगवाल्यांचे, वडापाववाल्यांचे, कोणाची बोट ठेवायचे. लोखंड कापायचं, जोडायचं, ठोकायचं, आणि वायरिंगचं सगळं काम ह्यांचं. ह्या आवाजानंच ह्यांचे कान नेले. डाव्यानं जवळजवळ काहीच नाही, उजव्यानं अर्धं. जेवताना मी काही बोलले की हे आधी माझ्या तोंडाकडं बघायचे, मग हसायचे, आणि हसले म्हणजे कळलेलं नाही.

शेड आणि खोल्या, सगळी जागा बाळारामकाकांची. त्यांच्या वाडवडलांची तिथं भातशेती होती, आत्या आली तेव्हा शेवटची दोन खाचरं शिल्लक होती म्हणे. काका उंच, पांढरी बंडी, बोलले की रोडपर्यंत ऐकू जायचं. त्यांची बायको हिराकाकी त्यांच्या उलट, बुटकी, गोल, हातभर हिरव्या बांगड्या, आणि गुडघे गेलेले. ती आमच्याकडं तांदळाची भाकरी आणि सुकट पाठवायची. मी कधी सुकट बघितलेली नव्हती, पहिल्या दिवशी वासानंच ताट बाजूला सारलं, तर आत्या म्हणाली, नाक धरून खा पण खा, काकीनं पाठवलंय. आणि आता काय सांगू, पुढं छोटीच्या, माझ्या मुलीच्या वेळेला डोहाळे लागले ते सुकटीचेच. वांगं घातलेली, वरून कच्चं खोबरेल. आत्याची येसर आमटी, काकीची सुकट, आणि तांदळाची भाकरी की ज्वारीची ह्याच्यावरून दोघींचं भांडण, ते आठवलं की अजून भूक लागते.

काकीचा एक ट्रेलर होता. तो विकायचा नव्हता. कोणी साहेब परदेशी परत जाताना काकांना देऊन गेला होता, राहायचा ट्रेलर, आत पलंग, गॅस, छोटं बेसिन, पडदेसुद्धा. जीपच्या मागं लावायचा आणि निघायचं. काकी त्याला ट्रेलर म्हणायचीच नाही, "माजी खोली" म्हणायची. तिचं एकच म्हणणं होतं, ह्या खोलीतून कार्ल्याला एकवीरा आईला जायचं. गुडघ्यांमुळं तिला पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं. "वर न्हाय गेली तरी चालंल," ती म्हणायची, "खालूनच हात जोडीन. पन आईच्या पायाशी एक झोप काढाची हाय मना. मंग उतरताना घाटात सावकाश, वळनावळनावर थांबत."

तर त्या ट्रेलरचे ब्रेक वेगळे होते, करंटवर चालणारे. आमच्या शेडमधल्या बाकीच्या ट्रेलरांना तसले नव्हते. हे मला समजावून सांगायचे तेव्हा मी आधी नुसती मान हलवायचे, पण काम करता करता कळलं. चाकाच्या आत एक गोल लोहचुंबक असतं. करंट आला की ते चाकाच्या लोखंडी डब्याला चिकटतं, दांडी ओढतं, आणि ब्रेक लागतो. करंट जीपमधून येतो, सात टोकांचा प्लग असतो त्यातून. जीपमध्ये ड्रायव्हरच्या गुडघ्याशी एक छोटी पेटी, तिला खटका. खटका सरकवला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. आणि ब्रेकमध्ये करंट आला की चाकातून आवाज येतो, बारीक, फुलातल्या भुंग्यासारखा. तो आवाज ह्यांना ऐकू यायचा नाही. मीटर होता ह्यांच्याकडं, मीटर आकडा दाखवायचा, पण हे म्हणायचे, मीटर वायरीचं सांगतो, चाकाचं चाकच सांगतं. म्हणून मी. हे जीपमध्ये बसून खटका सरकवायचे आणि आरशात माझ्याकडं बघायचे. मी चाकाला कान लावायचे. भुंगा आला की हात वर. नाही आला तर हात खाली. मग पुढचं चाक. असे चार चाकांचे चार हात. सम्यक शेजारी पोत्यावर, हातात मोठा नट, तो चोखत बसलेला. शेडमधली माणसं हसायची, "वहिनी, काय बोलतंय चाक? बरं हाय का?" मी लाजून मरायचे. पण खरं सांगते, गावाहून आल्यापासून मला जमलेलं ते पहिलं काम.

आणि एक पिन होती. ट्रेलरच्या तोंडाशी, जोडायच्या दांड्याला, एक काळी डबी, तिच्यात पिन खुपसलेली, पिनेला बारीक तार, तारेचं दुसरं टोक जीपला अडकवायचं. समजा चालत्या रोडवर ट्रेलर सुटला, तर तार ताणून पिन निघते, आणि पिन निघाली की ट्रेलरची स्वतःची बॅटरी सगळा करंट ब्रेकमध्ये सोडते. ट्रेलर जागच्या जागी थांबतो. हे मला दहा वेळा बोलले असतील, "एक गोष्ट लक्षात ठेव, ह्या पिनेला हात लावायचा नाही. उभ्या गाडीला पिन निघून राहिली तर आतली चुंबकं तापत बसतात." मी पिनेला हात लावला नाही. मी हार लावला.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी काकीनं पूजा ठेवली. दोन दिवस आधीच हे आणि मी सगळं तपासलं होतं, चारही चाकांचे चारही हात वर. त्यामुळं हे निवांत होते, जीपखाली काहीतरी करत होते. बॅटरी भरून राहावी म्हणून ट्रेलरला शेडमधून चार्जर लावलेला. काकीनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि झेंडूचा हा एवढा जाड हार माझ्या हातात दिला. "तू बांद गं पोरी. माजं गुडगं वाकत न्हाय." मी आत्याकडं बघितलं. आमच्या घरात हे काही नसतं, आम्ही विहारात जाणारी माणसं, आणि आत्या ह्या बाबतीत कडक. ती हात मागं बांधून उभी होती. हळूच म्हणाली, "हात जोडू नको. हार बांधायला काय जातंय, बांध." मग मी बांधायला गेले तर बांधायचं कुठं? जीपला जाळी असते, आरसे असतात, वायपर असतो. ट्रेलरचं तोंड सपाट, गुळगुळीत, खिडकीची काच आणि खाली पत्रा. कुठं खिळा नाही, कडी नाही. खाली ती बारीक तार तेवढी लोंबत होती, छान, मधोमध. मी तारेला हार बांधला, दोन पदर घेऊन घट्ट. सगळ्यांनी बघितलं. काकी म्हणाली, "कसा दिसतो बग, नवरीवानी." ह्यांनी नाही बघितलं, हे जीपखाली होते.

दुपारी सगळे जेवून पांगले. हे आणि काका जीपला टायर घ्यायला वरसाव्याला गेले. मी सम्यकला पाजत पाजत झोपले. इतकी गाढ झोपले की माकडांनी पत्रा डोक्यावर घेतला तरी उठले नसते. उठले तेव्हा ऊन शेडच्या पार पलीकडं गेलेलं, आणि बाहेर येऊन बघते तर गावातली पांढरी गाय ट्रेलरपुढं उभी, तोंडातून झेंडूची एक पाकळी लोंबतेय, आणि हार नाही. मातीत दोरा पडलेला. आणि दोऱ्याला तार, आणि तारेला पिन.

मी गायीला हाकललं. पिन उचलली, पदराला पुसली, डबीत दाबली, टक् वाजलं. इकडंतिकडं बघितलं, कोणी नव्हतं. मग मागच्या चाकाला हात लावला. गरम होतं. भाकरी उतरवल्यावर तव्याची कड असते तेवढं गरम, आणि वास, इस्त्रीखाली कापड जास्त वेळ राहिलं की येतो तसा. किती वेळ पिन बाहेर होती मला माहीत नाही. मी झोपले दीड-दोनला, उठले पाच वाजता. चार्जर लावलेलाच होता, म्हणजे करंट जातच राहिला असणार. हे सगळं मला तेव्हाच कळलं. कळलं नाही असं मी आज म्हणू शकते, कोण बघायला आलंय, पण कळलं होतं.

हे आले तेव्हा मी म्हणणार होते. तोंड उघडलं, हे हसले, आणि माझे शब्द आतच राहिले. संध्याकाळी ह्यांनी चार्जर काढला, प्लग जोडून पेटीवरचा लाइट बघितला, हिरवा, म्हणजे ब्रेक जोडलेले. अंगठा वर केला. मी आत जाऊन आत्याच्या शेजारी पुऱ्या लाटायला बसले, दुसऱ्या दिवशीच्या शिदोरीच्या, आणि लाटता लाटता सगळं सांगून टाकलं. आत्याच्या हातातला झारा तसाच राहिला, पुरी काळी झाली.

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही. गायीनं."

"मग गप बस."

"आत्या, पण ब्रेक..."

"लाइट लागला ना हिरवा? मग लागला. अगं ही खोली कुणाची? काम कुणाचं? उद्या काका म्हणाले, तुझ्या बायकोनं माझा ट्रेलर जाळला, तर कुठं जायचं? परत हिंगोलीला, रोजानं? वीस वर्षं झाली मला इथं, संतोषला शिकवायला मी काकीची भांडी घासलीत. आणि तुला हारच बांधायचा होता तर माझ्या गळ्यात बांधायचास." मग माझ्या तोंडाकडं बघून जरा थंड झाली. "पुऱ्या लाट. पातळ नको लाटू."

त्या रात्री मी सम्यकच्या नाकाखाली बोट धरलं नाही. दुसरी भीती एवढी मोठी होती की ही पहिली कुठं गेली कळलंच नाही.

सकाळी सातला सगळे तयार. काकी नऊवारी नेसलेली, केसात फुलं, मांडीवर नारळाची पिशवी. जीपमध्ये चढवायला आत्या आणि मी, एकीनं ओढायचं, एकीनं ढकलायचं. "सावकाश गं, म्हैस न्हाय मी." काका स्टिअरिंगवर, हे शेजारी बसणार. आणि काकी मला म्हणते, "तू पन चल. पोराला घे. मना मागं सोबत नको का? तुज्या सासूला काय, राहील ती." मला कोणी कुठं फिरायला नेलं नव्हतं लग्नानंतर. मी सम्यकला टोपी घातली. एक पाय जीपच्या पायरीवर ठेवला.

आणि काकी बोलत होती. घाट चढताना काका कसे गाणी म्हणतात, वर थंडी किती असते, आणि उतरताना कसं सगळं खाली दिसतं, धुकं, झाडं, रेल्वेचे बोगदे. "उतरतानाच खरी मज्जा," ती म्हणाली. मला ह्यांचं बोलणं आठवलं. चढताना इंजिन लागतं, उतरताना ब्रेक. मागच्या खोलीला स्वतःचा ब्रेक नसला तर ती जीपला ढकलत नेते, मग जीपचा ब्रेक किती पुरणार? माझ्या कडेवर सम्यक, माझं दूध पिऊन आलेला, तोंडाला वास त्याचा. मला एकदम दिसलं, आम्ही सगळे घाट उतरतोय.

काकांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. हे ट्रेलरच्या बाजूनं शेवटचं बघून पुढं येत होते, पाठ माझ्याकडं, डावा कान माझ्याकडं. मी म्हणाले, "ओ, थांबा." म्हणजे ओठांत म्हणाले. हे दार उघडायला लागले. "ओ, ऐका ना!" काही नाही. काकांनी गिअर टाकला.

"संतोष!"

लग्न झाल्यापासून मी ते नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडं घेत नाहीत. आत्या कपाळाला हात लावून खालीच बसली. काकांचा पाय ब्रेकवर गेला, काकीचा नारळ गडगडत खाली, आणि हे वळले. रागानं वळले असतील असं वाटलं मला, पण हे असे वळले जसं आमच्या गावच्या ओट्यावरून कोणी हाक मारतंय.

"संतोष, काल पिन निघाली होती. दुपारभर बाहेर होती. मी हार बांधला होता तारेला, गायीनं ओढला. मी परत लावली आणि गप बसले. चाक गरम होतं. मला भीती वाटली म्हणून सांगितलं नाही, आताही वाटतेय."

एका श्वासात बोलले. ओरडून बोलले, ह्यांना ऐकू जावं म्हणून, त्यामुळं अख्ख्या शेडला ऐकू गेलं. पहिली बोलली ती काकी. "गाईनं हार खाल्ला? मंग चांगलं झालं की! आईनंच खाल्ला म्हन." काका खाली उतरले. माझ्यापुढं येऊन उभे राहिले, केवढे उंच ते. "पोरी, आदी का न्हाय बोललीस?"

"भ्याले."

"कोनाला?"

"सगळ्यांला."

ह्यांनी मला नुसतं चाकाकडं बोट दाखवलं. मी सम्यकला आत्याकडं दिलं, पदर खोचला आणि खाली बसले. हे जीपमध्ये. खटका. पुढचं डावं, भुंगा आला, हात वर. पुढचं उजवं, हात वर. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की चाकाचं कुठलं आणि माझं कुठलं कळंना, मी श्वास धरून ठेवला. मागचं डावं. काही नाही. मी डोळे मिटले, कान लोखंडाला घट्ट दाबला, पार गाल काळा झाला. काही नाही. हात खाली. मागचं उजवं. तेही मुकं. हे उतरून आले, माझा हात धरून विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, नक्की. मग ह्यांनी बॅटरीला मीटर लावला, बॅटरी मेलेली, दुपारभर ब्रेकांनी ओढलेला करंट छोट्या चार्जरला भरून देता आला नव्हता. संध्याकाळचा हिरवा लाइट पुढच्या दोन चाकांच्या जोरावर लागत होता, मागचं त्याला काय माहीत. रोडवर ट्रेलर सुटून पिन निघाली असती तरी ब्रेक लागला नसता, करंट द्यायला बॅटरीत काही नव्हतंच.

तिथंच जॅक लावून ह्यांनी मागचं चाक उतरवलं, आतला डबा काढला. एका चुंबकाची वायर जळून काळी, आणि दुसऱ्या चाकाकडं जाणारी वायर दोन चाकांमधल्या दांड्याच्या नळीत वितळून चिकटलेली. ह्यांनी त्या वायरीवरून बोट फिरवलं. मग काकांना म्हणाले, "काका, ही वायर नळीत आधीपासून घासलेली दिसतेय. माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आज ना उद्या जाणारच होती. घाटात गेली असती." काका म्हणाले, "तू चेक केला व्हता ना?" हे म्हणाले, "केला होता. आवाज आला म्हणून नळी उघडली नाही. माझी चूक." ते खरं होतं का माझ्यासाठी बोलले, मला आजपर्यंत माहीत नाही. मी विचारलं की हे माझ्या तोंडाकडं बघतात आणि हसतात.

काका तेव्हा एवढंच म्हणाले, "खोली ऱ्हावंदे. जीप नेऊ." काकी खाली उतरलीच नव्हती. ती मांडीवर पिशवी घेऊन समोर बघत बसली होती. जीप ट्रेलरपासून सोडली, पुऱ्या ठेवल्या, आणि काका-काकी दोघंच गेले, संध्याकाळी परतसुद्धा आले. म्हणजे दर्शन झालं. झोप राहिली. आत्या मला आठ दिवस काहीच बोलली नाही, फक्त माझ्या ताटात भाकरी एक जास्त पडायला लागली, ह्याचा अर्थ मी अजून लावतेय.

चुंबक इथं कुठं मिळेना. बाहेरून मागवायला लागलं, ते यायला पार पावसाळा उजाडला, पावसात घाट नको, मग काकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग साखर. काकीची खोली शेडमध्येच उभी राहिली. महिनाभर काकी माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी काठी टेकत आली, मला म्हणाली, दार उघड. आत जाऊन पलंगावर आडवी झाली. पडद्यातून डोंगर दिसत होता. मी सम्यकला घेऊन दारात उभी, जाऊ का थांबू कळंना. ती डोळे मिटूनच बोलली, "सगली बोलतान तू आमाला वाचवलंस. मी न्हाय बोलनार. मना जावाचं व्हतं." मी म्हणाले, हो काकी. थोड्या वेळानं ती भिंतीकडं सरकली आणि हातानं शेजारची जागा थोपटली. "पोराला ठेव हितं. तू बी पड. तुजा डोला लागतो ना दुपारचा."

मला इतकं लागलं ते. आणि हसूही आलं. आम्ही तिघं आडवे झालो. मग ते रोजचंच झालं, जेवण झालं की काकी यायची, आम्ही तिच्या खोलीत झोपायचो, बाहेर ग्राइंडर चालू. सम्यक त्या पलंगाला धरून उभा राहायला शिकला. पुढच्या वर्षी काकी गेली. कार्ल्याच्या पायथ्याची झोप काही झाली नाही, आणि त्याच्याबद्दल मी कधी स्वतःला माफ केलं, कधी नाही, दिवसाप्रमाणं. आता छोटी माझ्याजवळ झोपते, तिच्या अंगावर हात ठेवला की कधी कधी त्या हिरव्या बांगड्या वाजल्यासारख्या वाटतात.

ह्यांनी मात्र, जाणं राहिलं त्याच आठवड्यात, मी धुणं वाळत घालत असताना, वेल्डिंगचं मशीन ट्रेलरच्या तोंडापाशी ओढत आणलं. मला वाटलं ब्रेकचं काहीतरी असेल. निळा उजेड झाला, मी सम्यकच्या डोळ्यांवर हात धरला. संपल्यावर बघितलं तर काचेच्या खाली, मधोमध, हाताच्या उंचीवर, एक छोटा हुक. पिनेच्या तारेपासून हातभर वर. ह्यांनी घासून गुळगुळीत केला, पांढरा रंग दिला.

तेव्हापासून हे जो ट्रेलर बनवतात, वडापावचा असो, बोटीचा असो, कोणाचाही, त्याला पुढून तसा हुक असतो. गिऱ्हाईक विचारतं, हे कशासाठी? पुण्याचे, दिल्लीचे, सगळे विचारतात, काहींना तो नको असतो, नकाशात नाही म्हणतात. हे ऐकू न आल्यासारखं करतात. फारच मागं लागलं कोणी तर सांगतात, "हारासाठी. हार इथंच लावायचा." का, ते सांगत नाहीत. सहा वर्षं झाली, एकालाही सांगितलेलं नाही. म्हणून शेवटी मीच लिहिलं.